गावाची तब्येत मृत्यूच्या वहीत दिसते



गट चांगला चाललाय की नाही हे ओळखायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. बैठक वेळेवर होते का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड थकली का, वह्या लिहिल्या आहेत का? पंचसूत्री तपासली की पाच मिनिटांत कळतं. पण गाव चांगलं चाललंय की नाही, हे कशावरून ओळखायचं? डांबरी रस्ता झाला, मोबाईलचा टॉवर लागला, चार घरांपुढे मोटारसायकली आल्या, म्हणजे गाव सुधारलं का?

या अंकात मी एका वहीबद्दल लिहिते आहे, जी आपण सहसा उघडून बघत नाही. ती ग्रामपंचायतीत असते. जन्म-मृत्यू नोंदवही. मृत्यूचं नाव काढलं की आपल्याकडे "अभद्र बोलू नको" म्हणतात, ते मला माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. आपल्या गावात पैसा, पाणी, दवाखाना, शिक्षण कोणापर्यंत पोचलं आणि कोणापर्यंत नाही, हे या वहीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.

पैशाची सरासरी कुठे फसवते

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, मोठं वीज केंद्र आहे, बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे. यातून निघणारा पैसा जिल्ह्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि लोकसंख्येनं भागून "दरडोई उत्पन्न" काढलं जातं. आता याचा हिशोब गटाच्या भाषेत करू.

समजा गटात दहा जणी आहेत. नऊ जणींची वर्षाची कमाई प्रत्येकी ४० हजार. दहावीची कमाई ९ लाख ४० हजार. सगळ्यांची बेरीज झाली १३ लाख. दहानं भागलं की सरासरी आली १ लाख ३० हजार. कागद सांगतो की या गटातली बाई वर्षाला १ लाख ३० हजार कमावते. पण गटात तेवढे कमावणारी एकही बाई नाही! नऊ जणी त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी कमावतात. भागाकार चुकलेला नाही, पण त्या नऊ जणींच्या घरात काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

मृत्यूच्या आकड्याचं तसं नसतं. सावकाराचं लेकरू गेलं तर एक आणि मजुराचं लेकरू गेलं तरी एकच. कोणाच्या पैशानं हा आकडा फुगवता येत नाही.

शिवाय एक लेकरू वर्षाचं होईपर्यंत जगतं, तेव्हा त्यामागे किती गोष्टी जुळून आलेल्या असतात बघा. आईनं गरोदरपणात पोटभर खाल्लेलं असतं. तिचं लग्न कोवळ्या वयात झालेलं नसतं. पाणी स्वच्छ असतं. दवाखान्यापर्यंत रस्ता असतो आणि दवाखान्यात माणूस असतो. घरात ऐन वेळी गाडीभाड्याला पैसे असतात, आणि "चला, न्यायचंच" असं म्हणायचा अधिकार त्या आईला असतो. यातली एखादी गोष्ट कमी पडली तरी लेकराच्या जिवाला धोका वाढतो. म्हणून बालमृत्यूचा आकडा हा फक्त आरोग्य खात्याचा आकडा नाही. तो गरिबीचा, रस्त्याचा, शिक्षणाचा आणि घरात बाईच्या शब्दाला किती किंमत आहे याचाही आकडा आहे.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९९५ साली एका व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. देशाची अर्थव्यवस्था यशस्वी आहे की अपयशी, हे बघायला मृत्यूचे आकडे वापरा, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैसा हा साधन आहे. त्या साधनानं माणूस जगला का, हे शेवटी बघायचं.

"हजारी किती" म्हणजे काय

बातमीत "अर्भक मृत्युदर १६" असं ऐकू येतं. याचा अर्थ सोपा आहे: जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांमागे १६ बाळं पहिला वाढदिवस यायच्या आत गेली. २८ दिवसांच्या आत बाळ गेलं तर तो नवजात मृत्यू. पाच वर्षांच्या आत गेलं तर बालमृत्यू. बाई गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत त्या कारणानं गेली तर तो मातामृत्यू, आणि तो दर लाख जन्मांमागे मोजतात.

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १६ होता. केरळचा ६. आपल्या शेजारच्या तेलंगणाचा २१ आणि छत्तीसगडचा ३८. मध्य प्रदेशचा ४३. सगळ्या देशाचा २८. म्हणजे त्या वर्षी केरळात जन्मलेल्या बाळापेक्षा मध्य प्रदेशात जन्मलेल्या बाळाला पहिल्या वर्षात मरणाचा धोका सात पट होता. देश एकच, कायदाही एकच.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या पाहणीतून राज्याचा आकडा मिळतो, तालुक्याचा मिळत नाही. महाराष्ट्राच्या १६ मध्ये पुणेही आलं, भामरागडही आलं. आपण आत्ताच बघितलं, सरासरीत दहावी बाई नऊ जणींना झाकून टाकते. तेच इथेही होतं. आपल्या भागाचा खरा आकडा हवा असेल तर तो आपल्या गावांच्या नोंदीतूनच यायला पाहिजे.

गडचिरोलीनं हे करून दाखवलंय

हे काम बायकांना जमेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. औषध वाटायच्या आधी त्यांनी गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात केली. १९८८ साली या गावांमधला अर्भक मृत्युदर निघाला १२१. दर हजारात १२१! म्हणजे साधारण दर आठ बाळांमागे एक बाळ वर्षाच्या आत जात होतं. घराघरात हे दुःख होतं, पण प्रत्येक घराला ते आपलंच नशीब वाटत होतं. मोजल्यावर कळलं की हे एका घराचं नशीब नाही, सगळ्या भागाची स्थिती आहे.

मग पुढचा प्रश्न आला, कशानं? प्रत्येक मृत्यूनंतर त्या घरी जाऊन विचारपूस झाली: बाळाला ताप होता का, श्वास जोरात चालत होता का, दूध पीत होतं का? न्यूमोनिया हे मोठं कारण सापडलं. गावातल्याच आरोग्यदूतांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं. बाळाचे श्वास मणी सरकवून मोजायचे आणि ठरलेल्या खुणेपेक्षा जास्त झाले की औषध.

तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू राहतच होते. बाळंतपण घरी, बाळ कमी वजनाचं, दवाखाना दूर. म्हणून १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, लगेच अंगावर कसं पाजायचं, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शनही कसं द्यायचं. या गावांत नवजात मृत्युदर आधी हजारी ६२ होता, तो २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २००३ पर्यंत त्या गावांतला अर्भक मृत्युदर १२१ वरून ३० वर आला.

आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात ना, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही? ही घरभेटींची पद्धत २०११ पासून देशभर सुरू झाली, आणि त्यामागे आपल्या गडचिरोलीच्या खेड्यातल्या बायकांचं काम आहे. आधी त्यांनी मोजलं, मग उपाय सापडला.

नोंद कुठे सुटते

२००१ साली 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला. राज्यात वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले होते. सरकारी कागदावर जेवढे बालमृत्यू दिसत होते, त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त निघाले. मग विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत चर्चा झाली आणि सरकारला समिती नेमावी लागली.

नोंद का सुटते? गावोगावच्या बैठकांत बायकांशी बोलून मला दिसलेली कारणं ही:

बाळाचं बारसंही झालेलं नसतं. दोन-तीन दिवसांचं बाळ गेलं की घरचे म्हणतात, नावच नव्हतं तर नोंद कशाची? पण कायद्यानं ते बाळ जन्मलंही होतं आणि गेलंही. दोन्ही नोंदी व्हायला पाहिजेत.

"बाळ रडलंच नाही" म्हणून ते मेलेलंच जन्मलं असं धरतात. बाळानं एकदा जरी श्वास घेतला असेल, तरी तो जिवंत जन्म असतो. मेलेलं जन्मलेलं बाळ वेगळं, त्याचीही नोंद वेगळी असते.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ माहेरी गेलं तर सासरचं गाव म्हणतं, आमच्याकडे घडलं नाही. माहेरचं गाव म्हणतं, ती आता आमची नाही. दोन गावांच्या मध्ये ते बाळ हरवतं. नियम असा आहे की जिथे घटना घडली तिथेच नोंद होते.

मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या कुटुंबाचंही असंच. तिथे काही घडलं तर इथल्या वहीत काहीच उमटत नाही.

आणि शेवटचं कारण भीतीचं. नोंद केली तर आशाताईला, नर्सबाईला नोटीस येईल, आईलाच लोक दोष देतील, म्हणून सगळे गप्प बसतात. एका बैठकीत एक आजी म्हणाली, "बाई, मेलेलं लेकरू लिवून परत येते का?" प्रश्न खरा आहे. ते लेकरू परत येत नाही. पण न लिहिलेल्या मृत्यूचा अर्थ सरकारी कागदावर एकच निघतो: या गावात सगळं ठीक आहे. मग इथे रुग्णवाहिका कशाला, नर्स कशाला, पूल कशाला? आजीच्या सुनेचं पुढचं बाळंतपण त्याच अडचणीत होतं.

मोठ्यांचे मृत्यूही बोलतात

फक्त लेकरांचे नाही, मोठ्यांचे मृत्यूही वय आणि महिना बघून वाचा.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. महिना बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणूस जंगलात असतो. वाघ आहे हे कोणाला माहीत नसतं? तरी जावंच लागतं, कारण धान निघाल्यावर त्या महिन्यांत दुसरी कमाई नसते. म्हणजे ही नोंद वाघाची जेवढी आहे, तेवढीच रोजगाराची आहे. धानाच्या रोवणीत सर्पदंश, पावसाळ्यात मलेरिया, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद आणि पेशंट अडकलेला. प्रत्येक नोंद कुठे काय कमी आहे ते दाखवते.

तिशी-चाळिशीतले पुरुष जास्त जाताना दिसले तर थांबून विचार करा. कागदावर "कावीळ", "पोटाचा आजार", "अपघात" लिहिलेलं असतं. त्यामागे दारू होती का, हे घरची बाई जाणते, वही जाणत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर आपल्या बैठकांत किती जोरात वाद होतात, तुम्ही ऐकलंय. दोन्ही बाजू जोरात बोलतात. पण गावात अमुक वर्षी १८ ते ५९ वयाचे किती जण गेले आणि कशानं गेले, हे लिहिलेलं असेल तर आपलं बोलणं कोणी हवेत उडवू शकणार नाही.

एक अभिमानाची गोष्टही आकड्यातच सापडते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात महाराष्ट्रात दर १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीडमध्ये ८०७. आणि आपल्या गडचिरोलीत ९६१. ज्या जिल्ह्याला सगळे मागास म्हणतात, तिथे लेकी जास्त जपल्या जात होत्या. नुसता पैशाचा आकडा बघितला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

नोंद म्हणजे हक्कही

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची. उशीर झाला तरी होते, पण विलंब शुल्क आणि कागदपत्रं वाढतात, आणि वर्ष उलटून गेलं तर अधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरात दुःख असताना हे कोणाला सुचत नाही, म्हणून गटातल्या मैत्रिणीनं सोबत जायला पाहिजे.

दाखला नसेल तर काय अडतं? जीवन ज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये, मृत्यूनंतर २ लाख), अपघात झाला असेल तर सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, २ लाख), दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, विधवा बाईचं निराधार अनुदान, सातबाऱ्यावर वारसाची नोंद. या सगळ्यांना पहिला कागद लागतो तो मृत्यूचा दाखला. हप्ता कापला जात होता, पण दाखला नाही म्हणून दावा राहिला, अशी वेळ आपल्या एकाही सभासदाच्या घरावर येऊ नये.

गटानं काय करायचं

१. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत एक पान "जन्म-मृत्यू" म्हणून ठेवा. दर महिन्याच्या शेवटच्या बैठकीत विचारा: या महिन्यात आपल्या टोल्यावर कोण जन्मलं, कोण गेलं? तारीख, वय, बाई की पुरुष, कुठे घडलं (घर, दवाखाना, वाटेत, माहेर, जंगल, परगाव) आणि घरचे कारण काय सांगतात, एवढंच लिहा.

२. ग्रामसंघात सगळ्या गटांची पानं एकत्र करा. तीन महिन्यांतून एकदा ग्रामसेवक, आशाताई आणि अंगणवाडीताईंसोबत बसून ग्रामपंचायतीच्या वहीशी पडताळा. आपल्या पानावर आहे पण वहीत नाही, अशी नोंद तिथल्या तिथे करून घ्या.

३. एका गावाच्या आकड्यावरून घाईनं निष्कर्ष काढू नका. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण १५ बाळं जन्मतात. एक गेलं तर दर निघतो सुमारे ६७, एकही गेलं नाही तर शून्य. गाव एका वर्षात एवढं बिघडत नाही आणि एवढं सुधारतही नाही. म्हणून प्रभागसंघात तीस गावांची बेरीज करा: समजा ४५० जन्म आणि ९ मृत्यू, म्हणजे हजारी २०. तीन वर्षांची बेरीज केली तर आकडा आणखी भरवशाचा होतो. मग तो राज्याच्या आकड्याशेजारी ठेवा.

४. "का" हे एकदाच विचारून थांबू नका. बाळ न्यूमोनियानं गेलं. दवाखान्यात का नेलं नाही? गाडी नव्हती. गाडी का नव्हती? रात्र होती, भाड्याला पैसे नव्हते. गटातून तातडीचं कर्ज का घेतलं नाही? पेटीच्या किल्ल्या दुसऱ्या टोल्यावर होत्या. शेवटच्या "का"चं उत्तर बऱ्याचदा आपल्याच हातात असतं. ग्रामसंघाचा आजारपणासाठीचा निधी रात्रीही मिळेल अशी सोय आपण करू शकतो. पूल, नर्स, माहेरघर या मोठ्या गोष्टींसाठी ग्रामसभेत आकडा घेऊन उभं राहा. "आमच्याकडे फार हाल आहेत" असं म्हणणारी बाई अर्ज देऊन परत येते. "तीन वर्षांत या सहा गावांत अमुक बाळं वाटेतच गेली" असं सांगणारीला उत्तर द्यावं लागतं.

५. हे पान दोष द्यायला वापरायचं नाही. नाव मोठ्यानं वाचायचं नाही. आईकडे, सुनेकडे, आशाताईकडे बोट दाखवायचं नाही. ज्या दिवशी नोंदीतून कोणाला शिक्षा होते असं वाटेल, त्या दिवसापासून लोक सांगणं बंद करतील, आणि पान कोरं राहील. कोरं पान दोनच गावांचं असतं: जिथे खरंच कोणी गेलं नाही, आणि जिथे कोणी सांगितलंच नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

दहा रुपयांच्या बचतीचाही हिशोब आपण दर बैठकीला लिहितो, कारण तो पैसा कष्टाचा असतो. तेवढ्याच काळजीनं माणसांचाही हिशोब लिहू या. पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघानं गेल्या एका वर्षाचं जन्म-मृत्यूचं पान सोबत आणावं. बेरीज आपण तिथेच सगळ्या मिळून करू.

– तुमची क्षेत्र समन्वयक